पाच पौंडांची रेघ

फुलचूरच्या दुकानात ट्रकवाला शिरला की पहिला प्रश्न ठरलेला असे, "भाऊ कोठी हाये?" अल्का हातातलं काम न सोडता म्हणे, "भाऊ चहाले गेले. टर्बो दाखवा."

टर्बो म्हणजे शंखाच्या आकाराची ती बिडाची वस्तू. इंजिनच्या धुरावर तिचं चाक फिरतं आणि त्या फिरण्याच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबली जाते. १९९९ साली गोंदियाच्या राइस मिलांवर टर्बोचे ट्रक वाढू लागले. अल्काचा नवरा बुद्धभूषण डिझेलचा मेकॅनिक. तो टर्बो खोले आणि अल्का सुटे भाग रॉकेलमध्ये धुऊन काढे. धुता धुता तिच्या बोटांना एक गोष्ट कळायला लागली. चाकाचा दांडा चिमटीत धरून हलवला की तो किती झिजलाय हे तिला मोजमापाशिवाय सांगता येई. तिचे वडील देवाजी सौंदडला रेल्वेत कीमन होते. हातोडीनं रूळ ठोकत मैलोन् मैल चालायचे आणि आवाजावरून चीर ओळखायचे. लहानपणी त्यांचा डबा घेऊन जाताना तिनंही तो आवाज ऐकला होता. मेकॅनिकी कोणाकडून शिकलीस असं कोणी विचारलं तर ती बापाचं नाव सांगे, नवऱ्याचं नाही. बुद्धभूषण त्यावर हसायचा. निदान सगळ्यांना तसं वाटायचं.

दहा वर्षांत "भाऊ कोठी हाये?" हा प्रश्न बंद झाला. आता लोक विचारत, "बाई हायेत का?"

२०१०च्या जानेवारीत चंद्रकुमार पटले एक खोकं घेऊन दुकानात आला. त्याचे वडील ईश्वरदास यांची राइस मिल होती आणि मिलचे सहाही ट्रक या दुकानात येत. चंद्रकुमार काही वर्षं इंग्लंडात नोकरीला होता. परतताना त्यानं तिकडची एक लाल जपानी गाडी सोबत आणली होती. बसायला खाली वाकावं लागे इतकी बुटकी. ती रस्त्यावरून गेली की रिक्षावाले मान वळवून बघत.

"ताई, ये देखो," तो म्हणाला. "बाहेरून मागवला. वाटेत आपटला वाटते. नागपूरवाले हात लावायला तयार नाहीत."

अल्कानं टर्बोचा दांडा चिमटीत धरला. "बेअरिंग गेलं. बनवून देतो आमी. पन हा लावता कोनत्या इंजनले?"

"माझ्या गाडीला. रोटरी इंजन आहे. त्यात पिस्टन नाही."

"पिस्टन नाई तं मंग चालते कशावर?" बुद्धभूषणनं विचारलं.

त्यानं चित्रं दाखवली. मध्ये किंचित आवळलेल्या अंड्यासारखी पोकळी, तिच्यात फुगीर कडांचा एक त्रिकोण गरगर फिरतोय. पिस्टनसारखं वरखाली काही नाही. त्रिकोणाच्या तीन टोकांना धातूच्या तीन बारीक पट्ट्या, भिंतीला घासत जाणाऱ्या. हवा इकडून तिकडे जाऊ नये म्हणून तेवढ्याच पट्ट्या. अल्का त्या पट्ट्यांकडे बराच वेळ बघत राहिली.

"हे पट्टी तुटली तं?"

"तर इंजन संपलं," चंद्रकुमार म्हणाला. "पण कशाला तुटेल?"

तिनं गाडीचं पुस्तक मागून घेतलं. इंग्रजी तिला बेताचंच येई. म्हणून चंद्रकुमारची बायको प्रेरणा दोन दुपारी दुकानात येऊन बसली आणि एकेक ओळ वाचून अर्थ सांगत गेली. प्रेरणाला गाडीचं वेड नव्हतं, उलट वेगाची भीती होती. मार्चमध्ये नागपूरकडे एका धावपट्टीवर गाड्यांची शर्यत होती आणि नवऱ्यानं तिच्यात नाव दिलं होतं. "कुठवर दाब चालेल तेवढं पक्कं बघा, ताई," ती म्हणाली.

वाचताना एक आकडा आला आणि अल्कानं तिला थांबवलं. हे इंजिन मुळातच हवा दहापट दाबत होतं.

"ट्रकात तं सतरापट दाबते," बुद्धभूषण म्हणाला. "त्याले काई होत नाई."

"ट्रकात नुसती हवा दाबतात. डिझेल मागून येते," अल्का म्हणाली. "इथं पेट्रोल आधीच हवेत मिसळून हाये. आधीच एवढं दाबलेलं, त्यात आपून टर्बोनं आनखी कोंबू. ठिणगी पडाच्या आधीच पेटलं तं त्या पट्टीवर घनाचा घाव बसन."

चंद्रकुमारला तिनं सरळ सांगितलं, "टर्बोचा दाब पाच पौंड. त्याच्या वर एक पौंड नाई."

"माझा नागपूरचा दोस्त म्हणतो दहा आरामात चालते."

"मंग त्याच्याकडून लावून घ्या."

चंद्रकुमार हसला, पण त्याला ते लागलं होतं. बुद्धभूषणलाही लागलं. मिलच्या मालकाच्या पोराशी असं कोणी बोलत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

काम महिनाभर चाललं. अल्कानं टर्बो नव्यानं बांधला. हवा थंड करायची जाळी समोर बसवली. जादा पेट्रोल सोडायची आणि ठिणगी थोडी मागे घ्यायची सोय नागपूरहून एक माणूस येऊन लॅपटॉपवर करून गेला. दाब मात्र अल्काच्या हातात होता. टर्बोवर एक झडप असते, ती उघडली की जादा धूर चाकाला टाळून निघून जातो आणि दाब वाढत नाही. झडपेच्या सळईवर आटे आणि एक नट. नट आवळून सळई आखूड केली की झडप उशिरा उघडते आणि दाब चढतो. अल्कानं नट पाच पौंडांवर बसवला, बाहेर राहिलेले आटे मोजले, आणि नट ते सळई अशी पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढली. नट जरा फिरला तरी रेघ मोडणार.

गाडीत बसून कानानं तपासायची सोयही तिनं केली. तांब्याची नळी ठोकून चपटी केली, इंजिनला बोल्टनं कसली, तिला रबराची नळी जोडून गाडीच्या आत घेतली आणि टोकाला डॉक्टरांचा जुना स्टेथोस्कोप लावला. वेळेआधी पेट्रोल पेटलं तर बाटलीत खडे हलवल्यासारखा आवाज येणार होता. पहिल्या दोन चाचण्यांत आला नाही. दाब दाखवणारा काटा पाचावर जाऊन थांबे आणि गाडी तरी अशी सुटे की अल्काची पाठ सीटला चिकटे.

तिसरी चाचणी ठरली त्याच्या आदल्या दिवशी ती सौंदडला गेली होती. आई सुमनबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यांना दवाखान्यात दाखवायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी परतली ती थेट दुकानातच. गाडी तयार उभी होती. तिनं वाकून नटाकडे नजर टाकली. पिवळी रेघ जागेवर होती.

"चला," ती म्हणाली. बुद्धभूषण दारात उभा होता. त्यानं बाजूला होऊन वाट दिली.

आमगावच्या बाजूला एक सरळ पट्टा होता, तीनेक किलोमीटरचा. सकाळी नऊला रस्ता मोकळा असे. दोन्हीकडे धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या, दूर एक बैलगाडी. अल्कानं स्टेथोस्कोप कानात घातला. चंद्रकुमारनं तिसरा गिअर टाकला आणि पाय दाबला.

काटा तीनावर आला. चार. पाच. आता थांबेल म्हणून ती बघत होती. काटा थांबला नाही.

सहा.

"पाय काढा," ती म्हणाली.

इंजिनच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसेल, किंवा गेलंही असेल. गाडी कधी नव्हे अशी ओढत होती आणि त्याचे डोळे रस्त्यावर चिकटले होते. सात. तेवढ्यात तिच्या कानात आवाज आला. एकच, बारीक, खडा टिचावा तसा. मग लगेच दुसरा.

"सोडा! चंद्रकुमारभाऊ, सोडा!" तिनं त्याचा दंड धरून ओढला.

आठाच्या पुढे काटा गेला तेव्हा खड्यांची बाटली कोणीतरी तिच्या कानातच फोडली. गाडीला आतून एक धक्का बसला. ओढ एकदम गेली. इंजिन थडथड करत अर्ध्या जोरानं फिरलं, मागून धुराचा लोट निघाला, आणि इंजिन बंद पडलं. बैलगाडी आता समोर होती, पन्नास पावलांवर. चंद्रकुमारनं ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दाबला. गाडी रस्त्याच्या कडेच्या मुरमात उतरली, आडवी वळली आणि थांबली. बैलगाडीवरचा म्हातारा उतरून त्यांच्याकडे बघत राहिला.

अल्कानं कानातला स्टेथोस्कोप काढला.

"नट फिरवला तुमी," ती म्हणाली.

"मी हातपण लावला नाही, ताई. आईशपथ." त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. "तुमची झडप अडकली असेल. टर्बो तुम्हीच बांधला न?"

तिनं उतरून बॉनेट उघडलं. पिवळी रेघ अखंड होती. नट फिरला नसेल तर झडपच अडकली, आणि झडप तिनं बसवली होती.

गाडी ओढून मिलमध्ये नेऊन ठेवली. चार दिवसांत गोंदियाभर झालं, की फुलचूरच्या बाईनं बांधलेल्या टर्बोनं पटल्यांच्या पोराची गाडी फोडली, जीव जाता जाता वाचला. भैय्यालाल नावाचा ट्रकमालक, जो आठ वर्षं दुसरीकडे गेला नव्हता, आपला टर्बो न बांधताच परत घेऊन गेला. "रायपूरले दाखवून घेतो," तो म्हणाला. तेही अल्काकडे बघून नाही, बुद्धभूषणकडे बघून.

अल्काला जेवण जाईना. चारचारदा ती त्या कामाचा एकेक टप्पा मनात उलगडून बघे. झडपेची पिन तिनं स्वतः घासली होती, तेल घालून पन्नासदा उघडझाप करून पाहिली होती. तरी बोटं चुकली असतील का? अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला आपल्या बोटांचा भरवसा वाटेना.

"जाऊ दे आता," बुद्धभूषण म्हणे. "होऊन गेलं ते होऊन गेलं. कायले उकरून राहिली?"

"तुमाले वाटते का मायाकडून चूक झाली?"

"मशीन हाये. होते कधी कधी."

हे तिला सर्वांत जास्त लागलं.

तिनं प्रेरणाला फोन केला. "मले ते इंजन उघडून पाहू द्या. तुमच्या सासऱ्यांसमोर. चूक मायी निघाली तं मी तिथंच सांगीन."

ईश्वरदास पटले कमी बोलणारे गृहस्थ. शनिवारी दुपारी या, एवढाच निरोप त्यांनी पाठवला. मिलच्या गोदामात कोंड्याची पोती बाजूला सारून जागा केली होती. शेठ खुर्चीवर बसले, मागे प्रेरणा उभी, एका बाजूला चंद्रकुमार हाताची घडी घालून. बुद्धभूषण येतच नव्हता. "दोन मानसाचं काम हाये, इंजन मी एकटी उचलू का?" असं म्हटल्यावर आला.

आधी इंजिन उघडलं. आत असे दोन त्रिकोण होते, त्यांतल्या पुढच्याची एक पट्टी तीन तुकडे झाली होती, दुसरी अर्धी गायब. भिंतीवर नखानं ओरबाडल्यासारखे खोल ओरखडे. मग अल्कानं टर्बो सोडवला. धुराकडच्या चाकाच्या पात्यांना बारीक खाचा पडल्या होत्या. दांडा चिमटीत धरून तिनं हलवला.

"शेठजी, पाहा. बेअरिंग साबूत हाये. टर्बो फुटला नाई. पट्टी आधी तुटली, तिचे तुकडे इकडं आले न् पात्याले लागले."

"आणि पट्टी काऊन तुटली?" ईश्वरदासांनी विचारलं.

"दाब जास्त झाला."

"तेच म्हणतोय मी," चंद्रकुमार म्हणाला. "झडप अडकली."

अल्कानं झडप बोटानं दाबली. ती लोण्यातून फिरावी तशी उघडली आणि मिटली. तिनं पुन्हा दाबली. पुन्हा. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं तिला झालं. मग तिनं सळई उजेडात धरली आणि आटे मोजले. तिनं बाहेर सहा सोडले होते. आता नऊ होते.

नट फिरला होता. आणि तरी त्यावर पिवळी रेघ होती.

तिनं नखानं रेघ खरवडली. वरचा रंग कच्चा होता, लगेच निघाला. खाली, थोडी बाजूला सरकलेली, तिची स्वतःची जुनी रेघ होती, मधोमध मोडलेली. कोणीतरी नट फिरवून वर नवी रेघ ओढली होती. रंग तोच. तो डबा दुकानातल्या कपाटात असे, आणि कपाटाच्या किल्ल्या दोनच होत्या.

ती मान वर न करता तशीच बसून राहिली. बाहेर मिलचा पट्टा चालू होता, त्याचा एकसुरी आवाज येत होता. झडप अडकली होती एवढं म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. तिच्या नावाचं जे व्हायचं ते अर्धं झालंच होतं. दुसरं काही म्हणायचं तर समोर बसलेल्या या माणसांदेखत म्हणावं लागणार होतं, आणि मग त्याच माणसाबरोबर घरी जायचं होतं.

"काय झालं, ताई?" प्रेरणानं विचारलं.

"झडप अडकली नोती," अल्का म्हणाली. "नट फिरवला गेला. अन् तो आमच्याच दुकानात फिरवला. वरून रंग मारला."

बुद्धभूषण पाठीमागे उभा होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

"मी फिरवला," तो म्हणाला. "ते सौंदडले गेली होती त्या दिवशी. तिले मालूम नोतं."

ईश्वरदास त्याच्याकडे बघत राहिले. "कोनाच्या सांगण्यावरून?"

बुद्धभूषण जमिनीकडे बघत राहिला. शेठची नजर हळूहळू सरकत मुलावर आली. प्रेरणाही त्याच्याकडेच बघत होती. चंद्रकुमारनं हाताची घडी सोडली.

"मी म्हणालो होतो," तो म्हणाला. "ताईला न सांगता करा म्हणालो. मला वाटलं, एकदा गाडी पळाली की ताईच हो म्हणतील."

"घरात माझी शपथ घेतली होतीस," प्रेरणाच्या मागून आवाज आला. चंद्रकुमारची आई सुमित्राबाई दारात येऊन उभी होती, कधीपासून ते कोणालाच कळलं नव्हतं. ती एवढंच बोलली आणि निघून गेली.

ईश्वरदास उठले. "बाई," ते म्हणाले, "माझ्या घरातून तुमच्या नावाला जे लागलं ते मीच पुसतो." बुद्धभूषणकडे त्यांनी बघितलंही नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मिलपासून फुलचूरपर्यंत दोघं पायी आले. अर्धा रस्ता अल्का त्याच्या पुढे चालत होती.

"चार दिवस मी उपाशी होती," ती शेवटी म्हणाली. "तुमी समोर बसून पाहून राहिले होते. मशीन हाये म्हने, होते कधी कधी."

"सांगाले तोंड उघडत नोतं."

"त्याच्या आधी? नट फिरवताना? मी त्या गाडीत बसनार होती."

बुद्धभूषण थांबला. रस्त्यावरून सायकली जात होत्या. "तो आला तं तुले नाई विचारलं त्यानं," तो म्हणाला. "मले विचारलं. भाऊ, हे तुमीच करू शकता म्हने. दहा वर्षं झाले अल्का, मले कोनी असं म्हटलं नाई. सारे बाई हायेत का पुसतात. मले वाटलं, दोन-तीन पौंडानं काय होते." त्यानं सायकलींकडे तोंड फिरवलं. "इंजन फुटलं न् तू त्यात होती, हे आयकलं. मंग भीतीपायी बोललो नाई. अजून भीतीच हाये."

तिला त्याचा राग आला होता, तो गेला नाही. पण तो काय म्हणतोय हे तिला कळलं, आणि त्यामुळे राग अधिकच जड झाला. इतकी वर्षं तो हसत होता तेव्हा तिनं नीट बघितलं नव्हतं, असंही तिच्या मनात आलं. ती तसं बोलली मात्र नाही.

"कपाटाची किल्ली द्या," ती म्हणाली.

त्यानं दिली.

पुढचे दोन महिने ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. पट्ट्या आणि नवी भिंत बाहेरून मागवायला तेवढा वेळ लागलाच, शर्यत हुकली. भाग आले तेव्हा चंद्रकुमार स्वतः दुकानात आला, उभाच राहिला, आणि म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणाल तसं." अल्कानं इंजिन बांधलं. पाच पौंड. नटावर या वेळी तिनं तारेचं सील मारलं. पुढच्या वर्षी गाडी शर्यतीत धावली, मधल्या कुठल्यातरी नंबरावर आली आणि स्वतःच्या चाकांवर घरी परतली. अल्का बघायला गेली नाही. त्या दिवशी भैय्यालालच्या ट्रकचा टर्बो उघडलेला होता. रायपूरवाल्यांनी बांधलेला वर्षभरही टिकला नव्हता.

ईश्वरदासांनी आपला शब्द पाळला, पण गावाला खरं सांगितलं ते बुद्धभूषणनं. कोणी सांगायला लावलं नव्हतं. चहाच्या टपरीवर, ट्रकच्या रांगेत, दुकानाच्या बाकावर, जो येई त्याला तो स्वतःहून सांगे, की नट मी फिरवला, रंगही मी मारला, बाईची चूक नोती. काही लोक हसत. काही त्याच्याकडे टर्बो द्यायला कचरू लागले, तेही त्यानं सोसलं. वर्षभर हे चाललं.

एकदा बालाघाटकडचा एक अनोळखी ड्रायव्हर बाकावर टेकला आणि बुद्धभूषणनं त्यालाही सांगायला सुरुवात केली. अल्का आत दांडा हातात धरून बसली होती. थोडा वेळ तिनं ऐकलं.

"पुरे करा आता," ती आतून म्हणाली. "इकडं या. हा दांडा पाहा बरं, मले थोडा ढिला वाटून राहिला. तुमाले काय वाटते?"

तो उठला, हात पुसले आणि आत गेला.